कोबीची काळी कूज, कोथिंबिरीचे ठिपके आणि पाण्याची वाट

दादा, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर कळेल. जुन्नर तालुक्यात ओढ्याकाठी तुमचा 30 गुंठे कोबी आहे, लागण होऊन 40 दिवस झालेत. शेजारी 8 गुंठे कोथिंबीर. पाऊस उघडला की दोन्हीला रेनपाइपनं, म्हणजे पिकावर वरून तुषार उडवणाऱ्या भोकांच्या नळीनं, पाणी देता. मधल्या रिपरिपीनंतर कोबीची पानं कडेनं पिवळी पडायला लागली. पिवळा भाग त्रिकोणी, टोक मधल्या शिरेकडे, आणि त्यातल्या शिरा काळ्या. कोथिंबिरीवर आधी तेलकट ठिपके आले, ते आता काळे झालेत. रासायनिक औषध मारायचं नाही म्हणून आंबट ताक, हिंग-गोमूत्र आणि दशपर्णी अर्क अशा तीन फवारण्या झाल्या, पण फरक नाही. आता तुम्ही विचारताय की कोबीचा रोग कोथिंबिरीवर गेला का, आणि चौथी फवारणी कशाची करू.

कोबीचा रोग कोथिंबिरीवर गेलेला नाही. कोबीवरची काळी कूज, ज्याला काही भागांत घाण्या रोग म्हणतात, ती झॅन्थोमोनास कॅम्पेस्ट्रिस या जीवाणूमुळे होते. हा जीवाणू कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, मोहरी या एकाच कुळात फिरतो. कोथिंबिरीवरचे ठिपके स्युडोमोनास सिरिंगे या वेगळ्या जीवाणूच्या एका उपप्रकाराचे असतात, त्याला कोबीशी काही देणंघेणं नाही. दोन पिकं, दोन वेगळे जीवाणू, आणि दोन्ही एकाच पंधरवड्यात दिसले. म्हणजे रोग एकीकडून दुसरीकडे गेला नाही, दोघांना रस्ता मात्र एकच मिळाला. तो रस्ता म्हणजे पानावर पडणारं पाणी. चौथ्या फवारणीचं मी खाली सांगतेच, पण फवारणी म्हणजे पानावर पुन्हा पाणीच, हे आधी ध्यानात घ्या.

मी 18 वर्षं भाजीपाल्याची रोपवाटिका चालवते आणि दीड एकरात स्वतः पालेभाज्या करते. कोबीला बाजारात आपण पालेभाजी म्हणत नाही, पण खातो पानच, आणि जीवाणू पानातूनच आत शिरतो. तो कसा शिरतो हे एकदा डोळ्यांनी बघा, मग उपाय आपोआप सुचतील.

पहाटे कोबीच्या वावरात गेलात तर पानाच्या कडेला मोत्यासारखे थेंब ओळीनं उभे दिसतात. आपण त्याला दहिवर समजतो, पण कडेवरचे ते थेंब बहुतेक वेळा पिकाचे स्वतःचे असतात. रात्री मुळं पाणी ओढत राहतात, पानातून ते वाफ होऊन जात नाही, मग शिरांच्या टोकाला असलेल्या बारीक छिद्रांतून ते बाहेर येतं. सूर्य वर आला की त्यातला काही भाग झाड परत आत ओढून घेतं. त्या थेंबात जीवाणू असेल तर तोही त्याच्याबरोबर थेट शिरेत जातो. म्हणून पिवळेपणा बहुतेकदा कडेवरून सुरू होतो आणि शिरेच्या वाटेनं त्रिकोण करत आत येतो. शिरेत गेल्यावर हा जीवाणू एक चिकट डिंक तयार करतो, त्यानं पाण्याची नळी तुंबते आणि शीर काळी पडते. सॉस आणि आइस्क्रीम घट्ट करायला जो झॅन्थन गम घालतात, तो कारखान्यात याच जीवाणूकडून करून घेतात. माणसाला त्याचा अपाय नाही, पण कोबीच्या शिरेत तोच डिंक झाकणासारखा बसतो.

शिरेत बसलेल्या जीवाणूपर्यंत ताक पोचत नाही, गोमूत्र पोचत नाही आणि तांब्याचं औषधही पोचत नाही. जे पान आज पिवळं आहे ते कुठल्याही फवारणीनं हिरवं होणार नाही. आपल्याला वाचवायची आहेत ती अजून न आलेली पानं आणि शेजारची झाडं.

रोगाची खात्री करून घ्या. दोन झाडं उपटा आणि खोड आडवं कापा. आत काळी कडी दिसली तर काळी कूजच. खोड स्वच्छ असेल, पानाखाली सकाळी पांढुरकी बुरशी दिसत असेल, तर तो केवडा आहे, त्याचा विचार वेगळा. कोथिंबिरीचं पान उन्हासमोर धरा. जीवाणूचा ठिपका सुरुवातीला ओल्या कागदासारखा पारदर्शक दिसतो आणि शिरांच्या मधे अडकल्यामुळे कोनेदार असतो. पानावर पीठ भुरभुरल्यासारखं असेल तर ती भुरी. कोबीचा गड्डा मऊ होऊन घाण वास सुटला असेल तर ती ओली कूज, पेक्टोबॅक्टेरियम या तिसऱ्या जीवाणूची. ती बहुतेकदा काळ्या कुजीच्या किंवा किडीच्या जखमेतून मागाहून शिरते.

आता या आठवड्यात काय करायचं ते सांगते.

रेनपाइप आजच बंद करा. ठिबक असेल तर उत्तम, नसेल तर सरीतून पाणी द्या, पण एका टोकाचं पाणी रोगट भागातून वाहत दुसऱ्या टोकाला जाऊ देऊ नका. ओढ्याकाठची जमीन, त्यात पावसाळा, म्हणजे पाणी देण्यापेक्षा काढण्याचं काम जास्त. सरीची तोंडं मोकळी करा. पाणी सकाळी द्या, संध्याकाळी नको. रात्रभर मुळाशी पाणी तुंबलं की पहाटे कडेवर थेंब जास्त येतात.

पानं ओली असताना वावरात कुणी शिरायचं नाही. हे सांगायला सोपं आणि पाळायला अवघड आहे, मला ठाऊक आहे. बायका सकाळी सातला खुरपणीला येतात, त्या वेळी पानं चिंब असतात. रोगट पानाला लागलेला हात आणि लुगड्याचा ओला काठ पुढच्या पन्नास झाडांना लागतो. मी माझ्याकडे कोबीतली खुरपणी साडेदहानंतर ठेवते आणि सकाळी त्याच बायकांना कांद्यात किंवा रोपवाटिकेच्या शेडमधे काम देते. खुरपणी आधी निरोगी बाजूनं सुरू करून रोगट कोपऱ्यात संपवायची. विळा-खुरपं काम संपल्यावर धुऊन उन्हात वाळवायचं.

रोगट झाडं थोडी असतील, शंभरात चार-पाच, तर कोरड्या दुपारी ती मुळासकट काढा आणि तिथेच गोणीत भरून बाहेर न्या. बांधावर टाकू नका, ओढ्यात तर मुळीच नको, खालच्या वावरातला शेतकरी तेच पाणी उचलतो. रोग अर्ध्या वावरात पसरला असेल तर मात्र पानं खुडत बसू नका. इतक्या जखमा करून आपण नवी दारं उघडतो. तिथे पाणी आणि वावर सांभाळणं एवढंच हाती आहे.

युरिया थांबवा. शेणखतावर करत असाल तरी कोंबडीखताचा किंवा शेण-गोमूत्राच्या जीवामृताचा हात आखडता घ्या. नत्र जास्त झालं की पान कोवळं, रसरशीत आणि दाट होतं, खालची हवा कोंडते आणि पान वाळत नाही.

आता चौथी फवारणी. ताक आणि हिंगावर अनेकांचा विश्वास आहे, मीही पहिली काही वर्षं फवारलं. कोबीच्या काळ्या कुजीवर त्याचा गुण मला एकदाही आला नाही. दशपर्णी आणि 5 टक्के निंबोळी अर्क किडीसाठी आहेत. त्यांचा उपयोग होतो, पण आडवळणानं. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी पानाला जी भोकं पाडते, ती जीवाणूची दारं असतात, आणि अळी कमी झाली तर दारं कमी होतात.

शेणाच्या निवळीचं विचारतात म्हणून सांगते. भाताच्या करपा जीवाणूसाठी लिटरला 20 ग्रॅम ताजं शेण कालवून, गाळून वरची निवळी फवारायची शिफारस तामिळनाडू कृषी विद्यापीठाची आहे. भात आपण सोलून, शिजवून खातो. कोथिंबीर लोक कच्ची खातात, कोबीही पचडीत कच्चा पडतो. शेणात पोट बिघडवणारे जीवाणू असतात. म्हणून पालेभाजीच्या पानावर शेणाची निवळी किंवा जीवामृत मारू नका. जमिनीत, पीक लावायच्या आधी, कुजलेलं शेणखत घाला. रोपाचा रोग घालवताना खाणाऱ्याच्या घरी आजार पाठवणं मला मान्य नाही.

कोबीसाठी दोनच गोष्टी हातात धरण्यासारख्या आहेत. एक बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना. तांबं जीवाणूला पानाच्या बाहेर असतानाच मारतं, म्हणून त्याचा उपयोग नव्या पानांच्या राखणीपुरता. पालेवर्गीय पिकाला 1 टक्क्याचं मिश्रण चटका देऊ शकतं, मी अर्ध्या टक्क्याचं वापरते. 500 ग्रॅम मोरचूद 50 लिटर पाण्यात, 500 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या 50 लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या पिपात. लोखंडी भांडं नको. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळायचं. लोखंडी सुरी दोन मिनिटं बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर आला तर आणखी चुन्याची निवळी घाला. त्याच दिवशी वापरा, शिळं नको. आधी दहा झाडांवर मारून दोन दिवस थांबा. पानं वाळल्यावर, पाऊस नसलेल्या कोरड्या वेळी मारा, आणि गड्डा भरायला लागला की थांबवा. कोथिंबिरीवर बोर्डो नको, निळसर डाग असलेली जुडी कुणी घेणार नाही आणि घेऊही नये. सेंद्रिय प्रमाणपत्र असेल तर तांब्याच्या वापराला मर्यादा आहे, प्रमाणन संस्थेला आधी विचारा.

दुसरी गोष्ट स्युडोमोनास फ्लुरोसन्स. नाव कोथिंबिरीच्या रोगासारखं असलं तरी हा मित्र जीवाणू आहे. पानावर आणि मुळाभोवती तो जागा अडवतो, शत्रूला लागणारं लोह ओढून घेतो आणि झाडाची प्रतिकारशक्ती जागी करतो. लिटरला 5 ते 10 ग्रॅम, पाकिटावरचं प्रमाण पाहून, संध्याकाळी ऊन उतरल्यावर आणि पुढचे काही तास पाऊस नसताना. पण बोर्डो मारल्यावर आठवडाभर तरी थांबा, नाहीतर तांबं मित्रालाही मारेल. पाकिटाची तारीख बघा आणि दुकानात ते सावलीत ठेवलं होतं का ते विचारा. उन्हात तापलेल्या पाकिटात नुसती पांढरी भुकटी उरते. ट्रायकोडर्मा घालायचा तर घाला, पण तो बुरशीवरचा गडी आहे, या रोगात त्याच्या भरवशावर राहू नका.

कृषी सेवा केंद्रात तुम्हाला स्ट्रेप्टोसायक्लिन देऊ करतील. त्यात स्ट्रेप्टोमायसीन आणि टेट्रासायक्लिन असतात. ही माणसाची औषधं, स्ट्रेप्टोमायसीन तर क्षयरोगावरचं. शेतात वापरून जीवाणू त्यांना सरावले तर दवाखान्यात ती कामाची राहत नाहीत. म्हणूनच केंद्र सरकारनं डिसेंबर 2021 मध्ये शेतीतला त्यांचा वापर टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचा मसुदा काढला. तुम्ही ते नाकारताय हे योग्यच आहे.

कोथिंबिरीबद्दल थोडक्यात. 8 गुंठ्यांत उपचार करत बसू नका. स्वच्छ पट्टा असेल तिथली दोन-चार दिवस आधीच काढा आणि विका, ठिपक्यांची काढून कुजवा. पुढच्या वेळी फोकून पेरण्यापेक्षा गादीवाफ्यावर ओळीत आणि विरळ पेरा, ओळी वाऱ्याच्या दिशेनं. पान जितकं लवकर वाळेल तितका ठिपका कमी. धने पावसाळी पिकाचे ठेवू नका, रोग त्यातूनच परत येतो. उन्हाळ्यातल्या कोरड्या पिकाचे धने घ्या.

आता बियाणं. माझ्या मते खरी लढाई इथेच जिंकता येते, वावरात आपण फक्त नुकसान कमी करतो. काळी कूज मुख्यतः बियाण्यातून येते. दहा हजारात तीन बिया रोगट असल्या तरी साथ पसरू शकते असं अभ्यासातून दिसलेलं आहे. एकरात 20 हजार रोपं धरली तर अवघी सहा. माझ्या रोपवाटिकेत एका पावसाळ्यात हे घडलं. रोपं हिरवीगार होती, मी आनंदानं दिली, आणि महिन्याभरात तीन शेतकऱ्यांचे फोन आले. थंड हवेत हा जीवाणू रोपात गप्प बसतो, 25 ते 30 अंश उष्णता आणि ओल मिळाली की डोकं वर काढतो. ट्रेमध्ये रोपं दाटीनं असतात आणि वरून झारीनं पाणी पडतं, एका रोपाचं दुखणं शेजारच्या वीसांना जातं. त्या तिघांचे पैसे मी परत केले, पण त्यांचा हंगाम मला परत करता आला नाही. तेव्हापासून माझ्याकडे गरम पाण्याची प्रक्रिया केल्याशिवाय साधं बी ट्रेमध्ये जात नाही.

ती घरीही करता येते. सुती कापडाच्या सैल पुरचुंडीत बी अर्धंच भरायचं, म्हणजे पाणी सगळीकडे फिरतं. आधी 37-38 अंशांच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं. मग मोठ्या पातेल्यात 50 अंशांच्या पाण्यात कोबीचं बी 25 मिनिटं, फ्लॉवर, ब्रोकोली आणि नवलकोलचं 20 मिनिटं. पातेलं जितकं मोठं तितकं तापमान स्थिर राहतं. सतत ढवळायचं, उतरलं की कडेनं गरम पाणी घालायचं, पुरचुंडीवर नाही. वेळ संपताच थंड पाण्यात बुडवून सावलीत कागदावर पसरायचं. तापमापक चांगला घ्या, बोटानं अंदाज घेऊ नका. 45 अंशांना जीवाणू वाचतो आणि 55 ला बी मरतं. मधली वाट अरुंद आहे. जुनं बी ही उष्णता सोसत नाही, म्हणून आधी 50 दाण्यांवर करून उगवण बघा. रंगीत औषध लावलेल्या किंवा गोळीसारखं आवरण दिलेल्या बियांवर ही प्रक्रिया करू नका. तसं बी असेल तर कंपनीनं रोगाची तपासणी केली आहे का ते पाकिटावर पाहा, दुकानदाराला विचारा. वाळलेल्या साध्या बियाला किलोला 10 ग्रॅम या हिशेबानं स्युडोमोनास चोळा. लागणीआधी रोपांची मुळंही लिटरला 10 ग्रॅमच्या द्रावणात अर्धा तास बुडवा.

वाण निवडायला वाव असेल तर भारतीय कृषी संशोधन संस्थेचा पुसा मुक्ता हा कोबी काळ्या कुजीला प्रतिकारक आहे. आपल्या बाजाराला हवा तसा गड्डा येतो का, ते आधी दोन गुंठ्यांवर पाहा.

मातीच्या वाफ्यावर रोपं करत असाल तर एप्रिल-मेमध्ये वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणा आणि कडा मातीत गाडून चार ते सहा आठवडे ठेवा. कोकणात भाताच्या रोपासाठी राब भाजतात, त्यात मातीतली कीड-तण जळतं. त्याच कामाची ही धूर नसलेली रीत.

वावर बदलणं तुम्हाला टाळता येणार नाही. हा जीवाणू मोकळ्या मातीत फार तगत नाही, पण कोबीच्या न कुजलेल्या बुडख्यात आणि पानात टिकून राहतो. काढणीनंतर बुडखे उभे सोडले की ते फुटतात आणि पुढच्या पिकासाठी रोग जपतात. काढणी झाली की आठवड्यात बुडखे उपटून बारीक करा, खोल नांगरा, किंवा शेणात थर देऊन ढीग करा. ढिगात हात घालवणार नाही इतकी ऊब यायला हवी. त्या वावरात दोन, जमल्यास तीन वर्षं कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोल, मोहरी काहीच नको. कांदा, मेथी, घेवडा, मका, भुईमूग चालेल.

मोहरीचं मुद्दाम लिहिलं. पतंगाला कोबीवरून ओढून घ्यायला सापळा म्हणून कोबीत मोहरीच्या ओळी लावायची बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची शिफारस आहे आणि ती चांगली आहे. पण मोहरी काळ्या कुजीचंही घर आहे. तुमच्यासारख्या रोग आलेल्या वावरात पावसाळ्यात मोहरी लावू नका. पतंगाचा जोर कोरड्या दिवसांत, कुजीचा ओल्या दिवसांत. उन्हाळी कोबीत सापळा लावा, पावसाळी कोबीत अळीसाठी निंबोळी अर्कावर भागवा. मोहरी गाडून जमीन शुद्ध करायचा प्रयोगही या वावरात टाळा, कारण तेच.

पुढच्या पावसाळ्यात लागणीआधी गादीवाफा आणि वाळल्या गवताचं किंवा प्लास्टिकचं आच्छादन करा. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटून खालच्या पानावर उडतो, आच्छादनानं तो तिथेच जिरतो.

तुमचा कोबी अजून महिनाभर आहे. रेनपाइप थांबली आणि उघडीप मिळाली तर बराचसा गड्डा बाजारात जाईल असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. काढणी कोरड्या वेळी करा, बाहेरची पिवळी पानं वावरात न टाकता गोणीत घ्या. कापलेल्या देठाला तुरटीचं पाणी लावा, लिटरला 150 ग्रॅम, आणि देठ वाळल्यावरच गोणी भरा. मुंबईच्या वाटेवर ओली कूज देठातूनच शिरते, तुरटीनं तो भाग आकसून सुकतो. गड्डे ओढ्याच्या पाण्यानं धुऊ नका.

बियाण्याचं रिकामं पाकीट फेकलं नसेल तर जपून ठेवा आणि त्यावरचा लॉट नंबर लिहून घ्या. त्याच लॉटचं बी लावलेल्या शेजाऱ्यांकडेही कडेनं पिवळे त्रिकोण दिसत असतील, तर सगळ्यांनी मिळून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि त्यांना उभं पीक दाखवा. पीक काढल्यावर दाखवायला काही उरत नाही.